ऑक्टाव्हिया आरएस २४५, सेकंडहँड: इंदुरात चालवून बघितलेल्याचा रिव्ह्यू

बरेच जण विचारतायत म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो. गाडी आहे स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २४५, २०२० चं मॉडेल, सेकंडहँड घेतलेली, आता एमपी ०९ नंबरवर इंदुरात फिरते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही भारतात फक्त २०० आली होती, पूर्ण बनून बाहेरून आलेली, किंमत ३५.९९ लाख एक्स-शोरूम. २ लिटर टर्बो पेट्रोल, २४५ पीएस पॉवर, ३७० एनएम टॉर्क, सात गिअरचा डीएसजी म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, ० ते १०० ला कंपनी ६.६ सेकंद सांगते आणि टॉप स्पीड २५० ला इलेक्ट्रॉनिक्सने अडवलेला. दिसायला मात्र साधीच. सुदामा नगरच्या गल्लीत उभी असली की शेजारचे काका म्हणतात, "अच्छा, ऑक्टाव्हिया का, आमच्या डॉक्टरांकडे पण होती," आणि मी पण हो म्हणून मोकळा होतो.

हा रिव्ह्यू थोडा उलटा वाटेल. गाडीच्या ज्या गुणाला सगळे रिव्ह्यूवाले डोक्यावर घेतात तोच गुण माझ्या मते आपल्या रस्त्यांवर तिची सगळ्यात मोठी अडचण आहे. पण आधी चांगलं सांगून घेतो, नाहीतर लोक म्हणतील की घेतली कशाला मग.

सीट एक नंबर. समोरच्या दोन्ही सीट खांद्यापासून कमरेपर्यंत अशा धरून ठेवतात की इंदूर ते पुणे, म्हणजे सेंधवा, धुळे, मालेगाव, मनमाड, नगर असा दिवसभराचा रस्ता करून उतरलं तरी पाठ बोलत नाही, आणि माझी पाठ काही फार गुणी नाहीये. डिकी ५९० लिटर आणि मागचं दार काचेसकट आख्खं वर उघडतं, त्यामुळे सासूबाईंचे कुरडया-पापडांचे डबे, पोराची सायकल, गणपतीचं मखर सगळं एका फेरीत. मागे दोघं आरामात, तिसऱ्याच्या पायात मधला उंचवटा येतो. शहरात नॉर्मल मोडला ठेवली तर अगदी शहाण्यासारखी चालते, बायको तर म्हणाली की एवढे पैसे घालून फरक काय पडला, आणि खरंच पलासिया ते गीता भवन संध्याकाळी सात वाजता २४५ पीएस असले काय आणि ६० असले काय, पुढची ई-रिक्षा जेवढं जाऊ देईल तेवढंच जायचं. मायलेज शहरात ८-९, हायवेला सांभाळून चालवली तर १३-१४. पेट्रोलचं रडगाणं गाणाऱ्यांनी ही गाडी बघूच नये.

खाली बसलेली आहे, त्यामुळे कॉलनीतले जे घरचे स्पीडब्रेकर असतात ना, कुणीतरी आपल्या दारासमोर सिमेंट ओतून केलेले, ते तिरके काढावे लागतात. टायर २२५/४० आर१८, म्हणजे साइडवॉल जेमतेम ९ सेंटीमीटर, पावसाळ्यात खड्डा पाण्याने भरला की तो खड्डा आहे की डबकं हे कळत नाही आणि कळतं तेव्हा रिम वाकलेली असते. माझी एक वाकली. हे सगळं धरून चाललोय, या क्लासच्या कुठल्याही गाडीत असंच होणार.

आता पिकअप. यावर सगळ्यात जास्त प्रश्न येतात म्हणून नीट सांगतो. दुपदरी रस्त्यावर, समजा खंडवा रोडवर सिमरोलच्या पुढे, उसाच्या किंवा कापसाच्या ट्रकमागे अडकलात आणि समोर मोकळं दिसलं, तर ही गाडी इतक्या चटकन पुढे निघते की तुम्ही चुकीच्या बाजूला अगदी कमी वेळ असता. हा जास्त पॉवरचा खराखुरा फायदा आहे, मी नाकारत नाही. पण माणसाचं डोकं असं चालतं की आधी जी जागा "नको, राहू दे" म्हणून सोडून दिली असती तीच जागा आता "निघेल की" वाटायला लागते. म्हणजे गाडीने जी सेफ्टी दिली ती आपण लगेच खर्चून टाकतो. ओव्हरटेकचा वेळ कमी झाला पण ओव्हरटेकची संख्या दुप्पट झाली, हिशोब तिथल्या तिथे.

आणि मुद्दा नंबर एक, ज्याच्यासाठी हे सगळं लिहितोय: या गाडीत स्पीड जाणवत नाही. अजिबात नाही. १०० ला ती ६० सारखी वाटते आणि १४० ला ९० सारखी, हे १४० वालं ट्रॅकवर बघितलंय, इंदूरच्या सुपर कॉरिडॉर रस्त्यावर नाही, आधीच सांगून ठेवतो. मागे मल्टिलिंक सस्पेन्शन, रुंद टायर, जड स्टिअरिंग, बंद काचा, त्यामुळे आवाज नाही, थरथर नाही, स्टिअरिंगमध्ये हलकेपणा नाही. रिव्ह्यूवाले याला स्टॅबिलिटी म्हणतात आणि मार्क देतात. बायकोची स्विफ्ट बघा. १०० च्या वर गेली की वारा शिट्टी मारतो, इंजिन ओरडतं, आणि वरून सरकारी बीप. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना ती सक्तीची झाली, ८० च्या पुढे अधूनमधून वाजते आणि १२० च्या पुढे थांबतच नाही. आपण सगळे त्या बीपला शिव्या घालतो. पण छोट्या गाडीला खरं तर त्या बीपची तेवढी गरजच नाही, ती गाडी स्वतःच सांगते की दादा, आता पुरे. आरएससारखी गाडी काहीच सांगत नाही, ती तुमची बडदास्त ठेवत राहते, आणि भौतिकशास्त्राची हद्द जिथे येते तिथपर्यंत गोड बोलत नेते.

त्यात अजून एक भर. धामनोदपासून मानपूरमार्गे तासभर सलग हायवेला ९०-१०० ने आलात आणि राऊला आत वळलात की ५० म्हणजे आपण रांगतोय असं वाटतं, डोळ्याला वेगाची सवय लागलेली असते. कुठल्याही गाडीत होतं हे. पण शांत आणि दणकट गाडीत जास्त होतं कारण डोळ्याला दुरुस्त करायला कान आणि हात मदतीला येत नाहीत. मी वळलो की मुद्दाम मीटरवर नजर टाकतो आणि काच थोडी खाली घेतो, वारा लागला की अंदाज येतो. येडेपणा वाटेल पण काम करतं.

आता ही गाडी बाजूला ठेवा आणि रस्ता बघा. इंदूर बायपास, मांगलियापासून राऊपर्यंत, दिवसा बघितला तर वाटतं काय मस्त रस्ता आहे, सहा लेन, मध्ये डिव्हायडर. रात्री तोच रस्ता बघा. सर्व्हिस रोडवरून कुणीतरी बाइक उलटी घालून येतो कारण पुढचा कट लांब आहे. ऑक्टोबरमध्ये सोयाबीनच्या ट्रॉल्या सुरू होतात, मंडीत सकाळी नंबर लागावा म्हणून शेतकरी रात्रीच निघतात, ट्रॉलीला मागे ना लाइट ना रिफ्लेक्टर, वर ताडपत्री मातीच्याच रंगाची. ट्रॅक्टर चालतो १५-२० ने. तुम्ही १०० ने आलात तर तुमच्या दृष्टीने तो जवळपास उभाच आहे. लसणाच्या सीझनला परत तेच. कुत्री, गायी आहेतच, आणि शेतं लागली की रोजडे, म्हणजे नीलगायी. नीलगायीचा नर २०० किलोच्या वर जातो आणि पाय लांब असल्यामुळे गाडीने उडवला की तो बॉनेटवर थांबत नाही, सरळ काचेवर येतो. त्याच्यासमोर एअरबॅग किती आहेत हा प्रश्न फार उपयोगाचा नाही. माझ्या गाडीत आठ आहेत.

आणि एक गोष्ट कुणी बोलत नाही. रस्ता ओलांडणारा माणूस किंवा कटमधून वळणारा बाइकवाला तुमची गाडी बघतो तेव्हा त्याला काय दिसतं? दोन लाइट, लांबवर. तो अंदाज करतो की एवढ्या लांब आहे म्हणजे निघून जाऊ. त्याचा हा अंदाज आयुष्यभराच्या ट्रॅफिकवर बसलेला असतो, जिथे गाड्या ६०-७० ने येतात. समोरून येणारी वस्तू किती जोरात येतेय हे माणसाच्या डोळ्याला नीट मोजता येत नाही, लाइट मोठे होताना दिसतात तोवर उशीर झालेला असतो. तुम्ही १४० ने येत असाल तर त्याने काहीच चूक केली नाही तरी तो चुकला. मग लोक म्हणतात "अचानक आडवा आला." अचानक तो नाही आला, अचानक तुम्ही आलात.

जरा आकडे करू, कारण ग्रुपवर "आपल्या गाडीचे ब्रेक भारी आहेत" हे ऐकून कान किटले. १०० ने म्हणजे सेकंदाला साधारण २८ मीटर. काहीतरी दिसणं, डोक्यात शिरणं आणि पाय ब्रेकवर पडणं याला दीड सेकंद धरा, रात्री थकलेल्या माणसाला जास्तच लागतो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच ४२ मीटर गेले. मग चांगल्या टायरवर, कोरड्या रस्त्यावर, चांगली गाडी अजून ४० मीटरच्या आसपास घेऊन थांबते. एकूण ८० मीटर. आता १४०. सेकंदाला ३९ मीटर, दीड सेकंदात ५८, आणि ब्रेकचं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं म्हणून ते जवळपास दुप्पट, एकूण १३० च्या पुढे. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पण याच्या पुढचा हिशोब करा: दोन्ही गाड्यांना एकाच जागी ट्रॉली दिसली, तर १०० वाली जिथे थांबून उभी आहे त्या जागेवरून १४० वाली जाते तेव्हा ती अजून ११५ च्या आसपास असते. म्हणजे एकजण काठावर थांबला आणि दुसरा ११५ ने आत घुसला. ब्रेक दोघांचे तेच. लो बीमवर नीट दिसतं ५०-६० मीटर, एलईडी असले तरी फार फरक नाही, त्यामुळे रात्री समोरून गाड्या येतायत आणि तुम्ही डिपर टाकून १०० ने चाललात तरी तुम्ही जे दिसत नाही त्याच्यात गाडी घालताय. हे मी पण करतोच, सगळे करतात, पण निदान १४० करून त्याला स्किल म्हणू नये.

केंद्राच्या रस्ते मंत्रालयाचा २०२२ चा रिपोर्ट आहे, देशात ४,६१,३१२ अपघात, १,६८,४९१ मृत्यू, आणि त्यातले ७१ टक्के ओव्हरस्पीडिंगच्या खात्यात. अपघातांच्या संख्येत तमिळनाडूनंतर दुसरा नंबर आपल्या मध्य प्रदेशचा, ५४,४३२. आता यात बहुतेक गाड्या साध्याच असणार, बाइक असणार, सगळा दोष काही महागड्या गाड्यांचा नाही. पण स्विफ्टवाल्याला १६० करायला मोकळा रस्ता, उतार आणि हिंमत लागते, आरएसवाल्याला नुसता पायाचा अंगठा थोडा जास्त दाबावा लागतो. आणि लायसन्स दोघांचं तेच. ज्या लायसन्सवर ३७ पीएसची मारुती ८०० चालवायची त्याच एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाड्यांच्या, लायसन्सवर २४५ पीएस, ४०० पीएस, ६०० पीएस, काहीही. आरटीओत आठचा आकडा काढला, बास झालं.

सोबत बसणारे लोक हा वेगळा विषय. भाचा आला की पहिलं वाक्य, "मामा, दाब ना जरा." मित्र आले की "दाखव तर खरं, किती पळते." रात्री सराफ्यात भुट्ट्याचा कीस आणि गराडू खाऊन झाले की कुणाला तरी सुपर कॉरिडॉर आठवतोच, सरळ रस्ता, एका बाजूला टीसीएस-इन्फोसिसचे कॅम्पस, मधून मेट्रोचे खांब. त्या खांबांना कुठलीच गाडी पुरे पडत नाही. मी सरळ सांगतो की ० ते ६० दाखवतो, सिग्नल मोकळा असेल तिथे, त्याच्या पुढे काही नाही, आणि मागचे बेल्ट लावल्याशिवाय तेही नाही. हसतात. ० ते ६० मध्ये सगळी मजा येऊन जाते खरं तर, पाठ सीटला चिकटते ती तिथेच, ६० ते १६० मध्ये फक्त मीटरचे आकडे बदलतात. भाचा पहिल्यांदा नाराज झाला, आता सवय झाली.

बेल्टवरून आठवलं. सायरस मिस्त्री गेले, ४ सप्टेंबर २०२२, पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर, मर्सिडीज जीएलसी होती. कंपनीने पोलिसांना दिलेल्या डेटामध्ये गाडी आधी १०० ला होती आणि ब्रेक लागून धडकेच्या वेळी ८९ ला. म्हणजे आपण ज्याला आरामात चालवणं म्हणतो तो स्पीड. पुढचे दोघं वाचले, मागे बेल्ट न लावलेले दोघंही गेले. एवढी सेफ गाडी आणि ८९. हे ज्याला कळलं त्याला मी १४० बद्दल अजून काही सांगायची गरज नाही.

पुण्याचं कल्याणी नगर प्रकरण तर इकडे घराघरात बोललं गेलं, १९ मे २०२४, पोर्शे टायकान, नंबर प्लेटसुद्धा नव्हती, चालवणारा १७ वर्षांचा, आणि बाइकवरचे जे दोघं गेले ते आपल्या एमपीचे, २४-२४ वर्षांचे इंजिनिअर. आपल्याकडचं प्रत्येक दुसरं पोर पुण्याला नोकरीला असतं त्यामुळे ते फार लागलं लोकांना. मला मात्र त्याच्या आधीचं अहमदाबादचं जास्त डोक्यात राहिलंय. जुलै २०२३, इस्कॉन फ्लायओव्हर, मध्यरात्रीनंतर. आधी तिथे एका थारचा अपघात झालेला, म्हणून लोक जमलेले, पोलीस आलेले, आणि त्या गर्दीत जॅग्वार घुसली, स्पीड १४० च्या वर होता असं तपासात आलं, ९ माणसं गेली. विचार करा, फ्लायओव्हर आहे, रिकामाच असणार असं कुणालाही वाटेल, वर माणसं चालत नाहीत, गायी येत नाहीत. आणि त्या रात्री होती माणसं. मोकळा रस्ता म्हणजे काय तर शेवटचं बघितलं तेव्हा मोकळा होता, एवढंच.

मग पळवायची कुठे? गंमत बघा, आशियातला सगळ्यात लांब हायस्पीड ट्रॅक आपल्याच उशाला आहे, पीथमपूरला, नॅट्रॅक्स. ११.३ किलोमीटरचा लंबगोल, चार लेन, जून २०२१ मध्ये उद्घाटन झालं, त्याची वळणं अशी कलती बांधलीयत की २५० ला सुद्धा गाडी बाहेर फेकली जात नाही. पण तो गाड्यांच्या टेस्टिंगसाठी, कंपन्यांसाठी, आपण पोहे-जिलेबी खाऊन रविवारी जाऊ असं काही नाही. त्यामुळे आपल्यासाठी सगळ्यात सोयीचा म्हणजे ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट, जिथे २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन झाली, किंवा मग थेट चेन्नई-कोइम्बतूर. मी बुद्धला ट्रॅक डे केला. आणि ज्यांना ही गाडी घ्यायचीच आहे त्यांना माझा पहिला सल्ला हाच, वर्षातून एकदा पैसे घाला आणि तिथे जा.

तिथे काय कळलं ते सांगतो. पहिलं म्हणजे गाडी खरंच अफाट आहे, वळणातून बाहेर पडताना पुढचं इलेक्ट्रॉनिक डिफरेन्शियल, म्हणजे दोन चाकांत ताकद वाटून देणारा भाग, गाडीला आत ओढतं, फ्रंट व्हील ड्राइव्ह आहे हे विसरायला होतं. दुसरं म्हणजे थोड्याच लॅपमध्ये ब्रेक पेडल मऊ पडायला लागलं. याच्यात गाडीचा दोष नाही, रस्त्यासाठीच्या ब्रेक पॅडवर आणि साध्या ब्रेक ऑइलवर कुठलीही गाडी असंच करते, ऑइल दोन वर्षांत हवेतलं पाणी ओढून घेतं आणि तापलं की उकळतं. पण म्हणजे "भारी ब्रेक" हे पहिल्या एक-दोन वेळेपुरते असतात. बिजासन घाट उतरताना मी आता स्टिअरिंगमागच्या पॅडलने गिअर खाली घेऊन इंजिनवर उतरतो, ब्रेक शेवटी लागला तर असावा म्हणून. गणपती घाटात ट्रकांचे ब्रेक कसे जातात हे धार-इंदूरकडच्या माणसाला सांगायला नको. तिसरं, ट्रॅकवर सगळे एकाच दिशेने जातात, हेल्मेट असतं, झेंडे दाखवणारी माणसं असतात, बाहेर पडलात तर खडीचा पट्टा असतो, अँब्युलन्स उभी असते, आणि एवढं सगळं असून सुरुवातीला शिकवणारा माणूस तुम्हाला म्हणतो की सावकाश. बायपासवर यातलं एकही नाही आणि तिथे कुणी सावकाश म्हटलं तर आपल्याला अपमान वाटतो. एक लक्षात ठेवा, साधी कार इन्शुरन्स पॉलिसी रेसिंग आणि स्पीड टेस्टिंगला चालत नाही, पॉलिसीत वापराच्या अटींमध्ये लिहिलेलं असतं, ट्रॅकवर काय झालं तर खिशातून. रस्त्यावर रेस लावणाऱ्यांनी पण ते पान एकदा वाचावं.

टायरबद्दल थोडं, कारण सेकंडहँडवाले इथेच फसतात. गाडी माझ्याकडे आली तेव्हा टायरवर नक्षी भरपूर होती, विकणारा म्हणाला टायर नवेच आहेत. साइडवॉलवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष, ते १९ सालचे निघाले. रबर कडक झालेलं, नखाने दाबलं तर कळत होतं. पहिलं काम चारही बदलले. आणि बदलताना स्पीड रेटिंगचं अक्षर बघा, या गाडीला ३०० पर्यंतचं वाय रेटिंग असतं, दुकानदार स्वस्तात एच रेटिंगचं खपवायला बघतो जे २१० पर्यंतच असतं. तुम्ही म्हणाल एवढा स्पीड करायचाच नाहीये तर कशाला, तर प्रश्न नुसत्या टॉप स्पीडचा नाही, मे महिन्यात ४२ डिग्रीत पाच जणांच्या सामानासकट सेंधव्याच्या रस्त्यावर सलग तीन तास चालताना टायर किती तापतो आणि किती सहन करतो त्याचा आहे. हवा दर पंधरा दिवसांनी, थंड टायरमध्ये. पहिल्या पावसात तर कुठल्याही टायरने सांभाळूनच, रस्त्यावरचं तेल वर येतं आणि ३७० एनएम पुढच्या दोन चाकांवर आले की सिग्नलला पण चाक जागेवर फिरतं.

मार्क द्यायचेच तर गाडी म्हणून १० पैकी ९. इंदूरची रोजची गाडी म्हणून ७, त्यातला एक रिम आणि स्पीडब्रेकरमुळे गेला आणि दोन या शांतपणामुळे. तुमचं वय पंचविशीच्या आत असेल आणि ही पहिलीच गाडी असेल तर घेऊ नका, वडिलांनी घेऊन दिली तरी नका घेऊ, रागावलात तरी चालेल. घरात अठराच्या आतलं पोर असेल तर चावी कुठे ठेवता ते बघा, मोटर वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाने गाडी चालवून काही केलं तर पालकाला २५,००० दंड आणि तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. बाकी ज्याला गाडी कळते, ज्याचं घर मोठं आहे, डिकी लागते आणि ज्याला ८० ला सुद्धा स्टिअरिंगमध्ये मजा येते, त्याने बिनधास्त घ्यावी.

घेताना एकच तपासणी विसरू नका, रिमॅप, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून पॉवर वाढवलीय का ते. या इंजिनला स्टेज वन करून ३०० च्या आसपास नेणं अगदी सोपं आहे, भरपूर गाड्या झालेल्या असतात आणि विकताना परत स्टॉक फाइल टाकून "एकदम कंपनी फिटेड" म्हणून देतात. ज्याने ते केलं त्याने ती पॉवर वापरली पण असणार, म्हणजे क्लच, टर्बो, ब्रेक सगळं तेवढं झिजलेलं. मला दाखवलेली पहिली गाडी अशीच होती, विकणारा शपथा घेत होता. ओळखीच्या मेकॅनिकला नेऊन लॅपटॉप लावा आणि कंपनीच्या सिस्टिममध्ये टीडी१ चा, म्हणजे इंजिनच्या सॉफ्टवेअरशी छेडछाड झाल्याचा, शेरा पडलाय का ते सर्व्हिस सेंटरमधून विचारून घ्या, पडला असेल तर इंजिनची वॉरंटी उरली असली तरी विसरा. ब्रेक डिस्कच्या कडेला बोट फिरवून झिजून ओठ आलाय का बघा, मागच्या सीटचे बेल्ट पूर्ण ओढून बघा, आणि टेस्ट ड्राइव्हला मालकच "दाबा दाबा, घाबरू नका" म्हणत असेल तर ती गाडी सोडून द्या, दुसरी मिळेल.